मेंदूच्या दुखापतीनंतर खुर्चीवरचा योग आणि सजगता : काही महिन्यांच्या वापरानंतर

मेंदूला मार लागलेला माणूस दवाखान्यातून घरी आला की फिजिओ सुरू होते, आणि लगोलग भेटायला आलेलं कुणीतरी सांगतं, "कपालभाती सुरू करा." योग जरूर करावा, पण कपालभाती नको. काही महिने नेमाने करून आमचं मत पक्कं झालंय की नेहमीच्या वर्गातल्या चार सूचना या माणसासाठी गाळाव्याच लागतात : डोळे मिटा, श्वास रोखा, डोकं खाली न्या, अजून थोडं ताणा.

कारणं साधी आहेत. श्वास रोखून कुंथलं किंवा डोकं हृदयाच्या खाली नेलं की कवटीतला दाब वाढतो. कपालभातीसारखा भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि फिट येण्याची प्रवृत्ती असलेल्याला फिट येऊ शकते. तोल सांभाळायला डोळे, आतला कान आणि पायांची जाणीव असे तीन आधार लागतात. कानाचा आधार आधीच डळमळीत असताना डोळेही मिटले तर गरगरणारच. म्हणून डोळे अर्धे उघडे, नजर समोरच्या भिंतीवरच्या एका ठिपक्यावर.

खुर्ची हेच मुख्य साधन. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, पट्टा आणि लोड वापरून आसनं करण्याची पद्धत रूढ केली, तिचा इथे फार उपयोग होतो. प्लास्टिकची खुर्ची टाइल्सवर सरकते. लोखंडी घ्यावी, पाठ भिंतीला टेकवावी आणि चारही पाय एकाच योगा मॅटवर ठेवावेत. तळपाय जमिनीला पुरत नसतील तर खाली पाट. सुरुवातीला सगळं मिळून 10 ते 12 मिनिटं, त्यातली शेवटची 4 विश्रांतीची.

श्वास : 3 आकडे आत, 4 आकडे बाहेर, मध्ये रोखणं नाही. असे 6 श्वास झाले की नेहमीसारखा श्वास. ओठांभोवती किंवा बोटांत झिणझिण्या आल्या, डोकं हलकं वाटलं, तर श्वास गरजेपेक्षा मोठा घेतला जातोय. मोजणं लगेच सोडून द्यावं.

हालचालींत घोटे फिरवणं, पाठ थोडी गोल करून पुन्हा सरळ करणं, आणि बसल्या बसल्या धड वळवणं. वळताना मान आणि नजर छातीसोबतच राहू द्यावी, डोकं वेगळं वळवलं की चक्कर येते. पुढे वाकायचं असेल तर हात टेबलावर, कपाळ गुडघ्याकडे नाही. लुळ्या हाताला मनगट धरून कधीही ओढू नये. खांद्याचा सांधा सैल पडलेला असतो, तो निखळतो. तो हलवताना आपला एक हात कोपराखाली, दुसरा खांद्याच्या फऱ्यामागे. उभं राहायचं तर खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून, समोर खुर्ची, शेजारी माणूस.

शवासन सपाट जमिनीवर अनेकांना सोसत नाही. लोड आणि सतरंजीच्या घड्यांनी डोकं-पाठ उंच ठेवावी. ऑपरेशनमध्ये कवटीचं हाड काढलेलं असेल तर त्या बाजूवर भार अजिबात नको. उठताना कुशीवर वळून बसावं, मिनिटभर थांबावं, मग उभं राहावं.

सजगतेचा (माइंडफुलनेस, म्हणजे या क्षणी जे जाणवतंय त्याकडे लक्ष देणं) जगभर पसरलेला आठ आठवड्यांचा कार्यक्रम 1979 मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत सुरू केला, त्यात रोज 45 मिनिटांचा सराव असतो. मेंदूच्या दुखापतीत तो जसाच्या तसा झेपत नाही. लांबलचक रेकॉर्डिंगमधली दुसरी सूचना येईपर्यंत पहिली विसरलेली असते. "येणारे विचार बघा" हे तर फारच अमूर्त. स्पर्श मात्र लागू पडतो : कोमट पाण्याचं फुलपात्र दोन्ही तळव्यांत धरायचं, ऊब कुठे लागते ते बघायचं, 3 मिनिटं. सूचना एका वाक्याची. बोलणं समजायला जड जात असेल तर आपण समोर बसून करून दाखवायचं.

सगळ्यात जास्त सांभाळायचा तो थकवा. तो नुसता स्नायूंचा नसतो, लक्ष देण्याचाही असतो, आणि बरेचदा दुसऱ्या दिवशी उगवतो. एक वही ठेवावी : आधी, नंतर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, 0 ते 10 मध्ये थकवा किती. सकाळचा आकडा 2 ने वाढला तर पुढची बैठक निम्मी. बरं वाटतंय म्हणून वेळ दुप्पट केली की पुढचे दोन दिवस जातात, आणि घरच्यांचा उत्साह नेमका इथेच नडतो. थकवा तोंडाने सांगायच्या आधी दिसतो : जांभया लागोपाठ येतात, शब्द जड होतात, गुडघ्यावरचा कमजोर हात हळूच घसरतो. हात घसरला की बैठक संपली.

झोप, चिडचिड आणि बसण्यातला तोल यांत फरक दिसतो. विसरभोळेपणा याने जात नाही, लुळा हात याने उठत नाही. फिजिओ, स्पीच थेरपी आणि फिटच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. वाढती डोकेदुखी, उलट्या, न उतरणारी गुंगी किंवा नव्याने आलेली कमजोरी दिसली तर सराव सोडून थेट दवाखाना गाठावा.

नाशकात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेच्या गारठ्यात आखडलेले हातपाय आणखी आखडतात, म्हणून बैठक दहाच्या सुमारास, ऊन आल्यावर. आणि गणपतीआधी नाशिक ढोलाच्या तालमी संध्याकाळी सुरू होतात. आवाज न सोसणाऱ्याला तो ठोका डोक्यातच लागतो. त्या दिवसांत संध्याकाळची बैठक ठेवूच नये.

इथे योगवर्गांना तोटा नाही. शिक्षकांना आधी विचारावं : फिट आली तर काय कराल, मध्येच थांबून आडवं झालं तर चालेल का, खुर्ची भिंतीपाशी मिळेल का. न्यूरोसर्जनची परवानगी त्याआधी घ्यावी, शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढून टाकणारी आत बसवलेली नळी) असेल किंवा कवटीचं हाड बसवायचं राहिलं असेल तर नक्कीच.