कोऱ्या कागदावर केलेली एक सही: डिलिव्हरीच्या ड्रायव्हरांनी वाचावं म्हणून

चार वर्षं मी पार्सलची व्हॅन चालवली. अंगात मोठ्या कंपनीचा शर्ट, रूट तिच्याच ॲपवर, पगार मात्र ठेकेदाराकडून. आम्ही ३१ जण होतो. पार्सलं वाढत गेली, जेवायला गाडी थांबवली तरी ॲपवर लाल खूण यायची, आणि गहाळ पार्सलाचे पैसे न विचारता कापले जायचे. म्हणून युनियन करायचं ठरवलं.

कुणकुण लागल्यावर ठेकेदार चिडला नाही. तिथेच आमच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. त्याने सगळ्यांना हबवर बोलावलं. "तुम्ही माझी माणसं, बाहेरच्यांना कशाला मध्ये घेता?" म्हणत ओव्हरटाइम, सुट्ट्या, सगळं कबूल केलं. नवा करार टाइप होईपर्यंत सह्या करून ठेवा, म्हणाला. दोन पानं होती. पहिल्यावर आमच्या मागण्या. दुसऱ्यावर खाली उजव्या कोपऱ्यात नाव आणि सहीची ओळ, वर सगळं कोरं. हे कशाला, मी विचारलं. "हजेरीसाठी," सुपरवायझर म्हणाला. मागे रांग लागलेली, गाड्या भरायच्या राहिलेल्या. केली सही.

तीन आठवड्यांनी ठेका संपल्याचं कळलं. शेवटचा पगार मागायला गेलो तर ठेकेदाराने तेच पान समोर धरलं. कोऱ्या जागेत आता छापलेलं होतं: स्वखुशीने राजीनामा देत आहे, सर्व हिशेब मिळाला, कोणतंही येणं बाकी नाही. मोठ्या कंपनीच्या गेटवर गेलो. तुम्ही आमचे कामगारच नाही, असं उत्तर मिळालं. पुढच्या सोमवारी त्याच गाड्या त्याच रूटवर फिरत होत्या, दुसऱ्या फर्मच्या नावाने. माझ्या व्हॅनच्या दारावर जुनं स्टिकर खरवडल्याचा चिकट चौकोन तसाच होता. नऊ जणांना परत घेतलं. युनियनसाठी पुढे झालेल्यांपैकी एकालाही नाही.

आमची खरी चूक सहीच्याही आधीची. आम्ही फक्त ठेकेदाराशी बोलत राहिलो.

अमेरिकेतल्या पामडेलमध्ये २०२३ साली ॲमेझॉनची पार्सलं पोचवणारे ८४ ड्रायव्हर टीमस्टर्स युनियनमध्ये गेले. त्यांच्या ठेकेदाराने तर युनियनला मान्यताही दिली, तरी ॲमेझॉनने त्या ठेकेदाराशी असलेला करारच संपवला. करार संपवायचं आधीच ठरलं होतं आणि हे आमचे कामगार नाहीत, असं कंपनीचं म्हणणं. पण ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाच्या लॉस एंजेलिस कार्यालयाने प्राथमिक निष्कर्ष दिला की ॲमेझॉन या ड्रायव्हरांची संयुक्त मालक ठरते, म्हणजे कामगार म्हणून त्यांची जबाबदारी ठेकेदाराबरोबर तिच्यावरही येते. हे वाचलं तेव्हा वाटलं, आम्हीही हाच मुद्दा लावून धरायला हवा होता. रूट कोण ठरवतं, किती वेळात पार्सल पोचवायचं ते कोण सांगतं, कुणाच्या एका मेसेजवर ड्रायव्हर घरी बसतो?

आमच्याकडे याचा पुरावाच उरला नाही. ठेका संपला त्या सकाळी लॉगिन बंद झालं आणि चार वर्षांचे रूट, वेळा, दंड सगळं त्यात गेलं. युनियनची नुसती चर्चा सुरू असली तरी आज गाडी लावल्यावर ॲपमधल्या प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि घरच्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा. मागण्यांच्या पत्रावर ठेकेदाराबरोबर मोठ्या कंपनीचंही नाव घाला, पोच घ्या. आणि सहीच्या वरची जागा कोरी असेल तर ती आधी तिरकी रेघ मारून बंद करा, मागे कितीही रांग असो.