कॉर्गीला फ्लायबॉल शिकवताना: जवळपास वर्षभरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग बाकीचं सविस्तर. कॉर्गीसारख्या आखूड पायांच्या कुत्र्याला फ्लायबॉल, म्हणजे कुत्र्यांची हर्डल आणि बॉलची रिले शर्यत, शिकवावं का? हो, नक्की शिकवावं. पण बॉक्सवरचं वळण, म्हणजे बॉल उडवणाऱ्या पेटीवर पाय लावून उलट फिरणं, पक्कं होईपर्यंत महिनोन्महिने थांबायची तयारी असलेल्या क्लबमध्येच. पहिल्या दोन-चार क्लासमध्ये कुत्र्याला थेट बॉल लावलेल्या बॉक्सवर सोडत असतील तर तिथून सरळ निघा, मग तो क्लब कितीही जिंकणारा असो. लॅब्रॅडॉर किंवा बॉर्डर कॉली असतं तर मी कदाचित एवढं ठासून बोलले नसते, कॉर्गीसाठी मात्र ठासूनच सांगते, आणि का ते खाली येईलच.

आम्ही टोरांटोजवळ राहतो, आमची चिंगी पेम्ब्रोक जातीची कॉर्गी आहे, दीड वर्षाची झाल्यावर तिला क्लासला घातलं. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन लेन शेजारी शेजारी, प्रत्येक लेनमध्ये चार हर्डल आणि शेवटी एक स्प्रिंगवाला बॉक्स. एका टीममध्ये चार कुत्री. कुत्रं चारही हर्डल ओलांडून जातं, बॉक्सच्या उताराच्या फळीवर पाय आपटतं, तसा बॉल उडतो, तो तोंडात धरून परत चार हर्डल मारत लाईनच्या पार यायचं, मग पुढचं कुत्रं सुटतं. रिलेच म्हणा. लाईनपासून पहिलं हर्डल ६ फुटांवर, मग प्रत्येकी १० फुटांचं अंतर, शेवटच्या हर्डलपासून बॉक्स १५ फूट, म्हणजे एकूण ५१ फूट, एका बाजूने. हर्डल चुकवलं, बॉल सांडला किंवा आधीचं कुत्रं लाईनच्या आत असतानाच पुढचं सुटलं, तर त्या कुत्र्याला शेवटी परत पळावं लागतं. बॉक्सची कल्पना कॅलिफोर्नियातल्या हर्बर्ट वॅगनर यांची म्हणतात, पण १९८४ साली नॉर्थ अमेरिकन फ्लायबॉल असोसिएशन उभी केली ती मिशिगन आणि आमच्या ऑन्टारियोतल्या टीम्सनी, त्यामुळे इथे हा खेळ चांगला रुजलेला आहे.

आता कॉर्गीला या खेळात एवढा मान का, ते ऐका. हर्डलची उंची टीममधल्या सगळ्यात बुटक्या कुत्र्यावरून ठरते. खांद्याच्या उंचीतून ६ इंच वजा करायचे, कमीत कमी ७ इंच आणि जास्तीत जास्त १४ इंच. कॉर्गी खांद्याला १० ते १२ इंच, म्हणजे वजाबाकी केली की ७ च्या खालीच जाते, म्हणून हर्डल थेट ७ इंचांवर. उरलेली तीन कुत्री मग ती बॉर्डर कॉली असोत की व्हिपेट, त्यांनाही तेवढंच ओलांडायचं आणि ती जवळजवळ सपाट पळतात. अशा बुटक्या कुत्र्याला हाईट डॉग म्हणतात आणि चांगला हाईट डॉग मिळावा म्हणून टीम्स अक्षरशः वाट बघतात. पार्कात लोक चिंगीकडे बघून "अरे किती छोटे पाय" म्हणतात ना, इथे त्या पायांमुळे आख्ख्या टीमचा फायदा होतो, मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

वेगाचं म्हणाल तर ज्या टीमचा वेळ २४ सेकंदांच्या आत येतो तिथल्या प्रत्येक कुत्र्याला २५ पॉईंट, २४ ते २८ मध्ये ५ आणि २८ ते ३२ मध्ये १. २४ सेकंद म्हणजे एका कुत्र्याला सरासरी ६. चिंगी सध्या साडेसहाच्या आसपास आहे, म्हणजे बाकीच्या तिघांनी थोडं भरून काढलं की झालं, आणि ती तिघं तर तिच्याच उंचीच्या हर्डलवरून उडत असतात. मोठी कुत्री दोन हर्डलच्या मध्ये एकदाच पाय टेकवून पुढे जातात, कॉर्गीला जास्त पावलं लागतात, ते तिच्या बांध्यातच आहे, त्यावर जोर देण्यात अर्थ नाही. कॉर्गीचा वेळ खरा वाचतो तो बॉक्सवर.

तर बॉक्स. न शिकवलेलं कुत्रं बॉक्सवर सरळ जाऊन पुढचे दोन पाय आदळतं, बॉल पकडतं, थांबतं आणि मग वळतं. सगळा धक्का मनगटांवर, खांद्यांवर आणि पाठीवर. कॉर्गीची पाठ लांब, पाय आखूड, आणि हाडांची ठेवणच अशी की मणक्याच्या गादीचा त्रास या जातीत जास्त दिसतो, त्यामुळे असा धक्का तिला शेकडो वेळा द्यायचा म्हणजे संकटाला निमंत्रण. बरोबर वळण कसं, तर पोहणारा भिंतीला पाय लावून उलटतो तसं. कुत्रं थोडं बाजूने येतं, चारही पाय फळीवर लागतात, शरीर वळलेलंच असतं, त्याच ओघात बॉल तोंडात येतो आणि मागच्या पायांच्या रेट्याने ते परत निघतं. वेगही मिळतो आणि सांधेही वाचतात.

हे शिकवायला आमच्या ट्रेनरने बॉल लांबच ठेवला. आधी चिंगी आपणहून कुठल्या बाजूला वळते ते पाहिलं, कारण कुत्र्यांनाही डावं-उजवं असतं आणि बॉल बॉक्सच्या कुठल्या भोकात लावायचा ते त्यावर ठरतं. मग भिंतीला तिरकी लावलेली एक फळी, त्यावर रबर, आणि फळीच्या पायाशी एक छोटा अडथळा, म्हणजे तिला उडी मारूनच फळीवर जावं लागेल आणि मागचे पाय जमिनीवर राहणार नाहीत. एवढंच, खाऊ, परत एवढंच. फळी हळूहळू उभी करत नेली, मग फळीच्या जागी रिकामा बॉक्स, मग वेल्क्रोने चिकटवलेला बॉल, आणि अगदी शेवटी स्प्रिंग लावून. या सगळ्याला उन्हाळा संपून बर्फ पडायला लागला. मध्ये एकदा नवरा वैतागून म्हणाला की अगं ही बॉल कधी आणणार, मी म्हटलं आणेल तेव्हा आणेल. स्प्रिंगचा बॉल आल्यावर उत्साहाने वळण बिघडतं, सगळ्यांचंच बिघडतं, तेव्हा दोन पायऱ्या मागे येऊन परत फळी. तो पायाशी लावायचा अडथळा आजही प्रत्येक प्रॅक्टिसच्या वॉर्मअपमध्ये असतो, आणि जुन्या अनुभवी कुत्र्यांसाठीसुद्धा ठेवतात हे बघून मला या क्लबबद्दल विश्वास वाटला.

पळणं शिकवतात ते उलट्या बाजूने. म्हणजे शेवटच्या टप्प्यापासून. ट्रेनर कुत्र्याला धरून ठेवते, तुम्ही लाईनच्या पलीकडे जाऊन जीव तोडून हाक मारायची, एक हर्डल, मग दोन, मग चार. घराकडे पळत येणं सगळ्यात आधी पक्कं होतं. हॉलमध्ये आवाज एवढा असतो की कानात इअरप्लग घालतात लोक, आणि सगळे इंग्रजीत ओरडत असतात, त्यात माझं "चिंगे ये ये ये, पळ पळ" तिला बरोबर वेगळं ऐकू येतं. घरातली भाषाच कमांडसाठी वापरा, खरंच फायदा होतो. "सोड" आणि "धर" हे दोन शब्द घरातल्या सगळ्यांनी एकसारखे वापरले की काम झालं.

बक्षीस म्हणून खाऊपेक्षा टग, म्हणजे ओढाओढी करायचं खेळणं, बरा, कारण टगच्या मागे कुत्रं लाईन ओलांडूनही पळत राहतं, खाऊसाठी लाईनवरच ब्रेक मारतं. बाजारातले टग चांगले असतात पण चिंगीला आवडला तो मी जुन्या सुती साडीची वेणी घालून केलेला, लांब ठेवला म्हणजे तिला मान वर करून ओढावं लागत नाही. टग नेहमी तिच्या उंचीवर, जमिनीला धरून, वर उचलून हिसके अजिबात द्यायचे नाहीत, परत पाठीचाच प्रश्न. एक अडचण सगळ्यांना येते, टग दिसला की कुत्रं हर्डलच्या मधेच बॉल थुंकून देतं. त्यावर उपाय म्हणजे टग पाठीमागे लपवायचा आणि बॉल लाईनपार आला की मगच काढायचा. घरी बेसमेंटमध्ये नुसता जमिनीवर ठेवलेला बॉल आणून द्यायचा सराव केला तोही उपयोगी पडला. बॉल छोटा घ्या, नेहमीचा टेनिस बॉल कॉर्गीच्या तोंडाला मोठा होतो.

कॉर्गीचा स्वभाव, हा वेगळा विषय आहे. वेल्समध्ये ही कुत्री गुरं हाकायची, गाईंच्या टाचा चावत. त्यामुळे समोरून दुसरं कुत्रं भरधाव येताना दिसलं की चिंगीला वाटतं याला वळवायचं आहे. पासिंगमध्ये दोन कुत्री लाईनवर नाकासमोर नाक अशी एकमेकांना ओलांडतात, तिथे ही सवय चालत नाही, आणि दुसऱ्याच्या अंगावर जाणाऱ्या कुत्र्याला बाहेर काढतात, ते योग्यच आहे. आमच्याकडे दोन लेनच्या मध्ये जाळी लावून सुरुवात केली, शेजारच्या लेनमध्ये आधी शांत उभं कुत्रं, मग चालणारं, मग पळणारं, आणि जाळी तुकड्या तुकड्याने काढली. चिंगीला आता शेजारचं कुत्रं दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. भुंकणं मात्र कमी होणार नाही, ज्यांना शांत कुत्रं हवंय त्यांनी या खेळाच्या वाटेलाच जाऊ नये.

वजन. यावर मी घरात कोणाचंच ऐकत नाही. बरगड्या हाताला लागल्याच पाहिजेत. ट्रेनिंगमधला खाऊ रात्रीच्या जेवणातून वजा होतो. आई नाशिकहून व्हिडिओ कॉलवर "किती वाळली गं पोर, तूप घाल थोडं" म्हणते, तिला प्रेमाने समजावते पण तूप नाही म्हणजे नाही. बाकी नखं कापलेली, पंजाच्या गाद्यांमधले केस काढलेले, नाहीतर रबरी मॅटवर घसरतात, आणि पुढच्या पायांना चिकटपट्टीचं बँडेज गुंडाळायचं, म्हणजे वरचं नख आणि मनगटामागची गादी सोलत नाही. सुरुवातीला पाठीचा एक्सरे काढून डॉक्टरांची परवानगी घेतली होती. हाडांची वाढ पूर्ण व्हायच्या आधी हर्डल आणि बॉक्स नकोच, तोवर हाक, टग आणि पंजे नीट टाकायला शिकवणं यात भरपूर काम आहे.

सामानावर फार खर्च करू नका. हर्डल घरी पीव्हीसी पाईप आणि हलक्या बोर्डाचे होतात, लागलं तरी पडतील असे. बॉक्स महाग असतो आणि एकट्याने घरी वापरायची वस्तूच नाही, तिथे वळण बघायला दुसरी नजर लागते, क्लबचाच वापरा. मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढत जा, मागचे पाय फळीवर लागतात की नाही ते साध्या डोळ्याला कळत नाही. दगदग आहे ती जाण्यायेण्याची, हिवाळ्यात घोड्यांच्या बंदिस्त हॉलमध्ये प्रॅक्टिस असते, गाडीने बरंच लांब, आणि स्पर्धेचा दिवस म्हणजे पहाटे निघून संध्याकाळी परत, त्यात चिंगी प्रत्यक्ष पळते काही सेकंदच. मला तो दिवस आवडतो, टीममधली माणसं जोडली जातात, पण घरच्यांची तयारी आहे का ते आधी विचारून घ्या.

पुण्यात मावसबहिणीकडे कॉर्गी आहे, तिने विचारलं की मला काय करता येईल. बॉक्स नसला तरी हाक, साडीचा टग आणि भिंतीला लावलेल्या फळीवरचं वळण एवढं तिथेही होतं, फक्त वळण सुरुवातीला कोणातरी जाणकाराला दाखवून घ्यायचं, आणि पहाटे, कारण या जातीचे केस दुहेरी आणि दाट, ऊन चढलं की पळवायचं नाही.

क्लब बघायला जाल तेव्हा कुत्रं नेऊ नका, नुसते बसून बघा. बॉक्सपाशी उभं राहून सगळ्यात जुनं कुत्रं कसं वळतं ते बघा, किती वर्षांचं आहे विचारा. नऊ-दहा वर्षांची कुत्री हसतखेळत चार पायांनी वळताना दिसली तर फॉर्म भरा.