बाजारातला मासा: दर्याचा, शेतीतला की धरणातला?

जळगाव, धुळे, भुसावळला समुद्री मासा येतो तो सुरत-मुंबईकडून, बर्फात. त्यात पाळलेला मालही असतो, विशेषतः व्हेनामी कोळंबी. अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जिवाणूंची धास्ती असेल, तर घ्यावं काय?

सुरमई, बांगडा, पापलेट आपल्याकडे जाळ्यातूनच येतात, त्यांना कुणी औषध घालत नाही. तरी किनाऱ्यावरच्या शहरांचं सांडपाणी समुद्रातच जातं. तेव्हा दर्याचा मासा म्हणजे निर्धोक, असं मी म्हणणार नाही.

मत्स्यशेतीत अँटिबायोटिक औषध खाद्यातून देतात. आजारी मासा खातच नाही, निरोगी खातो. उरलेलं आणि विष्ठेतून पडलेलं औषध गाळात साचतं. तिथे तगलेले व्हिब्रिओ, एरोमोनास हे जिवाणू औषधाला दाद न देण्याचा आपला गुण प्लाझ्मिडमार्फत, म्हणजे डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यांमार्फत, दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात. पण सगळी मत्स्यशेती सारखी नसते. नॉर्वेत १९८०च्या दशकाच्या अखेरीस सामन (सॅल्मन) माशाला लसी टोचू लागले आणि तिथला अँटिबायोटिकचा वापर ९९ टक्क्यांच्या आसपास घटला. चिलीत एका जिवाणूजन्य रोगावर लसी पुरेशा पडल्या नाहीत, म्हणून तिथे फ्लोरफेनिकॉल हे अँटिबायोटिक अजून टनांनी लागतं. गोठवलेल्या सामनच्या पाकिटावर देश छापलेला असतो. मी नॉर्वेचंच उचलेन. कोळंबीही सुटीपेक्षा निर्यातदार कारखान्याच्या पाकिटातली बरी. परदेशी जाणाऱ्या मालात औषधाचे अंश तपासावेच लागतात, त्यामुळे त्या कारखान्यांना ती शिस्त असते.

गिरणा, हतनूर किंवा नवापूरकडे पसरलेल्या उकाईच्या फुगवट्यातला रोहू-कटला बीज सोडल्यावर बहुतेक आपल्या आपण वाढतो. माझा पहिला कौल त्यालाच. पिंजऱ्यातला पंगस मात्र शेतीतलाच. तळ्यातला रूपचंदही तसाच, आणि तो पापलेट म्हणून गळ्यात मारणारेही भेटतात!

रस्सा नीट उकळला की जिवाणू मरतात, औषधाला दाद न देणारेसुद्धा. औषधाचे अंश तसे जात नाहीत. बंदी असलेल्या नायट्रोफ्युरान गटातल्या अँटिबायोटिकचे तर शिजवूनही उरतात. म्हणून अंशांचा विचार खरेदीच्या वेळी करायचा आणि जिवाणूंचा ओट्यावर. कच्चा मासा कापलेल्या विळीवर धुतल्याशिवाय कोथिंबीर चिरायची नाही. बोटाला जखम असेल, तर मासा विक्रेत्याकडूनच साफ करून घ्यावा.