हान कांग यांचं 'ह्यूमन ॲक्ट्स': माफी कुणाला, शिक्षा कुणाला

म्हापशाच्या कोर्टात वीस वर्षं कारकुनी केली. 'गुन्हा कबूल नाही' हे वाक्य कानांना पाठ झालंय. या कोरियन कादंबरीत उलटंच. १९८० सालचं दक्षिण कोरियातलं ग्वांगजू शहर, लष्करी कायदा, आंदोलकांवर सैन्याच्या गोळ्या. गोळी लागून मित्र पडतो, डोंगहो पळतो. मग प्रेतांची वहीत नोंद ठेवतो, दुर्गंधी झाकायला मेणबत्त्या लावतो. पोरगं पंधराएक वर्षांचं! पहिलं प्रकरण त्याला 'तू' म्हणतं, वाचताना आपल्यालाच समन्स बजावल्यासारखं वाटतं. पुढे तेव्हाच्या हुकूमशहा चुन डू-ह्वानला १९९६ मध्ये फाशी सुनावली, १९९७ मध्ये माफीही दिली. अपराधाचं ओझं मात्र गोळ्यांतून जिवंत राहिलेल्यांच्याच डोक्यावर.

मधली प्रकरणं जड जातात. पणजीत घेतलेल्या माझ्या प्रतीची पानं पहिल्याच पावसाळ्यात सुटली. दुकानदार म्हणाला, ''बाय, फेव्हिकॉल लाव.'' लावला.