गोवा ते लंडन किती तास? अंतर काढायच्या साइटचा माझा अनुभव

डिसेंबरात आईला घेऊन लंडनला ताईकडे जायचं होतं. आईला शुगर आहे, गोळ्या नि खाणं सगळं घड्याळावर, त्यामुळे प्रवास नक्की किती तासांचा हे मला आधीच कळायला हवं होतं. दोन शहरांमधलं विमानाचं अंतर आणि वेळ सांगणारी एक फुकट साइट आहे, ती वापरली.

अंतराला साइट चांगली आहे. गोवा-लंडन साधारण 7,600 किमी. नकाशावर रेघ वर वाकलेली दिसली तेव्हा मला चूकच वाटली, पण पृथ्वी गोल म्हटल्यावर सगळ्यात जवळचा रस्ता सपाट नकाशावर तसाच दिसणार. फक्त एक, गोव्यात विमानतळ दोन, दाबोळी नि मोपा, नुसतं गोवा टाकलं की ती दाबोळी धरते, मोपा हवं तर जीओएक्स कोड टाकायचा. लंडनच्या हिशोबात त्याने काही बिघडत नाही, पण घरातून कधी निघायचं ते ठरवताना पंचाईत होईल, आमच्या साखळी गावाहून दोन्ही विमानतळ दोन दिशांना.

वेळेवर मात्र विसंबू नका. 9 तास 50 मिनिटं येतात. मी गणित करून बघितलं, अंतराला ताशी 800 किमीच्या आसपासच्या वेगाने भागायचं नि चढ-उताराचा अर्धा तास मिळवायचा, बस एवढंच. थंडीत वरचा वारा पश्चिमेकडून जोरात वाहतो, जाताना तो समोरून लागतो, तो यात नाही. आणि थेट विमान आहे की नाही हे तर साइट विचारतच नाही, आम्हाला मुंबईवरून जावं लागलं.

पहाटे साडेचारला घर सोडलं, मोपाहून मुंबई, तिथे टी वन टर्मिनलला उतरून बॅगा घेऊन टी टू टर्मिनल गाठायचं, दुपारी दीडला पुढचं विमान, ते संध्याकाळी 6:20 ला लंडनला. तिकिटावर बघून बाबा म्हणाले पाचच तास की! पण लंडन थंडीत आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे खरे 10 तास 20 मिनिटं. इमिग्रेशन, बॅगा करून ताईच्या दारात साडेआठला, तेव्हा साखळीत रात्रीचे दोन वाजले होते. एकूण साडेएकवीस तास!

डॉक्टरांना आधी विचारून मी गोळ्यांच्या वेळा भारताच्या घड्याळाने कागदावर लिहून घेतल्या होत्या, आईने पोचेपर्यंत हातातलं घड्याळ बदललं नाही, आणि रात्री साडेआठ वाजले तसा विमानात डबा उघडून भाकरी-भाजी खाल्ली, बाहेर तेव्हा कुठे दिवस मावळत होता.

साइटवाल्यांना एवढंच सांगणं, गोव्याचे दोन्ही विमानतळ वेगळे दाखवा आणि वेळेच्या शेजारी घड्याळातला फरक ठळक लिहा, वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्याला तेच आधी लागतं.