फ्लूची लस, कोथरूडच्या छोट्या क्लिनिकमध्ये – आमचा अनुभव

आईला शुगर आहे, वय ६९, मागच्या पावसाळ्यात साधा ताप म्हणून अंगावर काढला आणि तो न्यूमोनियावर गेला, ५ दिवस ॲडमिट होती, त्यामुळे यंदा पाऊस सुरू व्हायच्या आधी तिला फ्लूची लस द्यायचीच असं ठरवलं होतं. आधी एका मेडिकलमध्ये विचारलं तर त्याने कपाटातनं बॉक्स काढून दिला, हाताला गारसुद्धा लागेना! ही लस २ ते ८ डिग्रीतच ठेवावी लागते, मी तशीच परत आले.

मग या क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टरांनी फ्रीजमधला थर्मामीटर दाखवला, बॉक्स आईच्या हातात दिला, म्हणाले काकू एक्सपायरी बघा आणि कुठल्या सीझनची आहे तेही बघा, कारण व्हायरस बदलत राहतो म्हणून लस दर वर्षी नव्याने घ्यायची. आईची भीती एकच, लशीनेच ताप आला तर? त्यांनी शांतपणे सांगितलं की यातला व्हायरस मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही, दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल बस. आणि २ आठवडे तरी जपा, तोपर्यंत पूर्ण ताकद येत नाही. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो पण सहसा इतका वाढत नाही हेही स्पष्ट बोलले, मला ते फार आवडलं. २००९ चा स्वाइन फ्लू, नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा आईला अजून आठवतात, तोच एच१एन१ आता सीझनल झालाय आणि या लशीत तोही कव्हर होतो हे ऐकून ती लगेच तयार झाली. नंतर २० मिनिटं बसवून ठेवलं, मगच सोडलं.

एकच तक्रार, खोकणारे पेशंट आणि लसवाले एकाच बाकावर. मास्क लावूनच जा, हे त्यांनी खरंच बदलायला हवं.

जुलैत मला १०२ ताप आला तेव्हाही इथेच गेले. अँटिबायोटिक दिलं नाही, व्हायरसवर त्याचा उपयोग नाही म्हणाले, पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि आराम. पण आईला ताप आला तर वाट बघू नका, फ्लूच्या व्हायरसवरचं वेगळं औषध असतं, ते तिला पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं, हे दोनदा बजावलं. मी आठवडाभर वेगळ्या खोलीत झोपले, आईला काही झालं नाही.

आता लेकीचा नंबर, ६ वर्षांची आहे आणि पहिल्यांदाच घेणार म्हणून ४ आठवड्यांच्या अंतराने २ डोस लागतील. शनिवारी सकाळी ९ ला नेणार, तेव्हा गर्दी नसते.