युग्लिना की क्लॅमिडोमोनास?

सोलापुरात कंबर तलावाच्या काठचं पाणी हिरवट दिसलं, की मी एक थेंब काचपट्टीवर घेतोच. कशाभिका, म्हणजे चाबकासारखे बारीक धागे, हलवत पोहणाऱ्या या दोन एकपेशीय जीवांपैकी निदान एखादा भेटेल, ही आशा असते.

युग्लिना लांबट, साधारण 50 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बाहेर दिसते ती एकच कशाभिका. दुसरी इतकी आखूड, की पुढच्या खोबणीतच राहते. युग्लिना गिरक्या घेत पुढे सरकते. कडक पेशीभित्तिका नसल्यानं मधूनच अंग आक्रसते, फुगवते. ते बघताना मला वेळेचं भान राहत नाही. अंधारात ती पाण्यात विरघळलेल्या अन्नावर तगू शकते.

क्लॅमिडोमोनास गोलसर, जेमतेम 10 मायक्रॉन. सारख्या लांबीच्या दोन कशाभिका सेकंदाला सुमारे 50 वेळा हलतात, विहिरीत पोहणारा दोन्ही हातांनी पाणी मागे सारतो तशा. आकार मात्र बदलत नाही.

उजेड ओळखायला मदत करणारा नेत्रबिंदू दोघांकडेही आहे.

मुलांना पहिल्यांदा दाखवायला युग्लिनाच घ्या, चटकन नजरेत भरते. कशाभिकाच समजून घ्यायची असेल, तर क्लॅमिडोमोनास. तिच्या कशाभिका गळल्या तरी दोनेक तासांत पुन्हा वाढतात, आणि आपल्या श्वासनलिकेतल्या हलत्या केसलांची, म्हणजे केसांसारख्या सूक्ष्म धाग्यांची, आतली रचनाही तशीच आहे.